मिस इंगा आणि आईचा डबा

आमच्या प्रार्थनामंडळातल्या चार मुली एकत्र बसल्या की मिस इंगांची गोष्ट निघतेच. एकीची संपत नाही तोच दुसरी सुरू करते. मी सगळ्यांत कमी बोलते, त्यामुळे माझ्या गोष्टी सांगायच्या राहून राहून साठल्या आहेत. आता लिहूनच काढते.

मिस इंगा नॉर्वेच्या, वय बावीस. शाळेच्या वसतिगृहात मुलींचं मंडळ चालवायला त्या स्वयंसेविका म्हणून दोन वर्षांसाठी पनवेलला आल्या. आमचं घर वसतिगृहाच्या मागच्याच गल्लीत, म्हणून मीही त्या मंडळात.

*

बॅगेत मावेना म्हणून लोकरी कोट अंगात घालूनच मिस एस.टी.तून उतरल्या. चेहरा लालबुंद, केस घामाने चिकटलेले. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सगुणामावशी जवळच्याच विचुंबे गावच्या. त्यांनी एकदाच पाहिलं आणि ठरवलं, "बाय, तुला ताप हाय." मग तीन दिवस मिसना दोन्ही वेळा मीठ घातलेली पेज.

मिसना वाटलं, इथलं जेवण हेच. इथले लोक फार साधे राहतात, असं त्यांनी घरी पत्रातही लिहिलं. चौथ्या दिवशी कालवणाचा वास आला म्हणून त्या स्वयंपाकघरात डोकावल्या, तर मुलींच्या ताटांत बोंबील!  मग इकडे येताना बोटीवर शिकलेल्या मराठीत म्हणाल्या, "मावशी, मी आता बरी आहे."

*

एकदा मावशींनी मिसना आणि आम्हा मुलींना विचुंब्याला जेवायला नेलं. ताटात काही टाकायचं नाही, ही मिसच्या आईची शिकवण. पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही, ही मावशींच्या आईची. त्या दोन आयांची कुस्ती तांदळाच्या भाकरीवर सुरू झाली. मिस संपवत, मावशी वाढत. पाचव्या भाकरीला मिसच्या डोळ्यांत पाणी आलं.

कसं थांबवायचं ते मला ठाऊक होतं, पण एवढ्या लोकांत तोंड उघडेना. मिसनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी फक्त माझ्या ताटावर हात आडवा धरला. मला कुणीच वाढत नव्हतं, तरी धरला. मिसनी लगेच तसाच धरला. तेव्हापासून काही अडलं की त्या आधी माझ्या हातांकडे बघत.

*

नाताळला आईने पितळी डब्यातून मिसना करंज्या पाठवल्या. संध्याकाळी डबा परत आला, राखेने घासून लखलखीत आणि रिकामा. आईकडून डबा फळीवर जरा जोरात ठेवला गेला.

मावशींना हे कळलं. त्यांनी मिसना समोर बसवून सांगितलं, "दुसऱ्याचा डबा रिकामा देत नाय. मूठभर साखर तरी घाल." मिस फार ओशाळल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन डबा घेऊन गेल्या आणि बिस्किटं भरून घेऊन आल्या.

आता आईला तो रिकामा कसा देता येणार? तिने चिवडा भरला. तिकडून साबणाच्या वड्या आल्या. इकडून लिंबाचं लोणचं गेलं, तिकडून रंगीत बटणं आली. एकदा घरात काहीच नव्हतं, तर आईने शेवग्याच्या शेंगा उभ्या घालून झाकणाशिवाय डबा पाठवला. "हे आता थांबायचं कसं?" असं ती दर आठवड्याला म्हणे आणि डबा भरी.

*

मंडळात मोठ्याने प्रार्थना करायची पाळी आली की मी आणि मिस, दोघी घाबरायचो. मी लाजून, त्या मराठीमुळे.

दोन वर्षं संपत आली तेव्हा त्यांचं काम बघायला मुंबईहून एक वयस्क पाहुणे आले. मिसना पुन्हा पाठवायचं की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. जेवणाआधीची प्रार्थना मिसनी करायची होती. त्यांनी सगळ्यांसाठी मागितलं, विहिरीसाठी मागितलं, मावशींच्या म्हशीसाठीही मागितलं. भात निवत चालला. शेवटी, "प्रभू, या मुलींना..." म्हणून त्या अडकल्या. पुन्हा, "या मुलींना..." आणि एक डोळा उघडून माझ्या हातांकडे पाहिलं.

हातांनी सांगण्यासारखं ते नव्हतं.

"भूक लागली आहे," मी म्हणाले. मोठ्याने.

सगळ्यांत आधी 'आमेन' पाहुण्यांनी म्हटलं.

*

मिस निघाल्या त्या दिवशी डबा आमच्याकडे होता. आईने लाडू भरले आणि मला स्टँडवर पाठवलं. 'परत या' एवढंच म्हणायचं मी वाटभर घोकत होते. खिडकीतून डबा हातात दिला आणि तोंडातून आलं, "डबा आईचा आहे."

मिसनी मान डोलावली. एस.टी. सुटली.

पुढचे सात महिने त्यांना पुन्हा पाठवण्याचं काहीच ठरल्याचं कळलं नाही. मग शाळेत नॉर्वेचं मोठं पार्सल आलं. मुली चॉकलेटं मोजत होत्या, मी तळापर्यंत हात घालून डबा शोधत होते. डबा नव्हता. मला इतका आनंद झाला की मी चॉकलेट घ्यायचंच विसरले.

घरी आई म्हणाली, "एवढं सगळं पाठवलं, आणि माझा डबा तेवढा राहिला?"

मी खिशातली चिठ्ठी काढली. पार्सलमध्ये माझ्या नावाची होती. वाकड्यातिकड्या अक्षरांत दोनच ओळी:

"आईंना सांग, डबा भरला आहे. पोस्टाने पाठवत नाही."