वाडीच्या विहिरीवरची रेघ

कार्बन पेपरचा वास आला की मला सत्तरच्या दशकातली, वडूजकडच्या एका गट ग्रामपंचायतीची कचेरी आठवते. मी तिथे नवखा ग्रामसेवक होतो. गावाला जोडलेली वाडी वेगळी करून तिला स्वतःची पंचायत द्यायची, असा प्रस्ताव साताऱ्याला पडून होता, आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक तर त्याच आठवड्यात पाठवायचं होतं. तापलेल्या पत्र्याखाली घामानं कागद हाताला चिकटत होते. वाडीची विहीर खोल करायचा खर्च मी वाचून दाखवला, तसे सरपंच म्हणाले, "उद्या वाडी येगळी झाली, तर आमी कशापायी खर्च करायचा? काढा त्यो आकडा." वाडीच्या सदस्यबाई दाराजवळ बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "आवं भाऊसाहेब, आन् आदेश आलाच न्हाई तर? आमी वरीसभर काय प्यायचं?" मी साताऱ्याला दोनदा जाऊन आलो होतो, 'विचार चालू आहे' याखेरीज उत्तर मिळालं नव्हतं. सरपंचांच्या सहीशिवाय कागद हलणार नव्हता. शेवटी मी विहिरीवर रेघ मारली. आदेश त्या वर्षी आलाच नाही. मे महिन्यात घरपट्टीसाठी वाडीत गेलो, तेव्हा त्याच बाईंनी अर्धा तांब्या पाणी पुढे केलं. "प्या, लय लांबनं आणलंय," एवढंच म्हणाल्या. मला ते नाकारता येईना; दोन घोट घेऊन मी तांब्या परत दिला. तेव्हा दुसरं काय करता आलं असतं, ते मला आजही सुचत नाही. पण रेघ मारताना मी बाईंकडे पाहिलं नव्हतं, हे मात्र पक्कं आठवतं.