म्यानावरचे डाग

“खाली ठेव. आणि मागं सर.”

मी म्यान पायरीवर ठेवलं. मागं सरले.

“आणखी.”

आणखी सरले. पार गोठ्याच्या भिंतीला टेकले. मग तो आवाज ज्यांचा, त्या खोतांच्या बाईसाहेब आतून तांब्या घेऊन आल्या. तुळशीची डहाळी पाण्यात बुडवली आणि माझ्या म्यानावर शिंपडली. गड्याला म्हणाल्या, उलटं कर. त्यानं काठीनं उलटं केलं. काठीनं! मेलेला उंदीर उलटवतात तसं. मग त्या बाजूलाही पाणी.

मान मोडून केलेलं काम होतं ते. तेल अजून पुरतं मुरलं नव्हतं. थेंब पडला तिथं चामडं काळं पडायला लागलं. मला लांबून दिसत होतं. देवी येऊन गेलेल्या तोंडासारखं झालं सगळं. आणि मी उभी. डोक्यावर पदर, नजर खाली. लोक हसत हसत म्हणतात ना, चांभाराची नजर जोड्यावर. अहो, वर बघायची सोयच नव्हती! त्या घरातल्या माणसांचे मी तोवर पायच बघितले होते. तोंडं कशी होती ते विचारू नका.

तुम्ही पिस्तुलाचं म्यान कसं शिवायचं ते शिकायला आलात, आणि ही बाई भलतंच काय घेऊन बसली, असं वाटत असेल. वाटू द्या. मला ते वेगळं करून सांगता येत नाही.

गोरे गेले होते. नवाबाचं राज्यही गेलं होतं. कायद्यानं शिवाशीव गेली असं लोक सांगत होते. आमच्या गावात मात्र काही आलं नव्हतं आणि काही गेलं नव्हतं. दिघीच्या खाडीपासून आत, डोंगराच्या अंगाला आमचं गाव. चांभाराचं घर एकच, आमचं. तेही खोतांच्या वाडीच्या टोकाला, खोतांच्याच जागेत. ‘राहा’ म्हणाले होते म्हणून राहत होतो. ‘जा’ म्हणाले की निघायचं. महारवाडा पलीकडं होता, पण ते आम्हाला आपल्यात धरत नव्हते आणि आम्ही त्यांना. दोघांचा मूर्खपणा. त्यामुळं बोलायला माणूस नव्हतं.

मी नवऱ्यानं टाकलेली. त्यानं मुंबईला दुसरी केली आणि मी बापाकडं परत आले. आई आधीच गेलेली. बाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, त्याला आरीचं टोक दिसेना. मग चामडं कापायची रापी मी धरली. आमच्यात बाईनं रापी धरायची नाही. गोंडे करायचे, कडा घासायच्या, बस्स. म्हणून मी दार लोटून शिवायची आणि ओट्यावर बसून बा माल द्यायचा. गावाला वाटे, म्हाताऱ्याचा हात अजून चालतो. सोयऱ्यांना कळलं असतं तर त्यांनी आम्हाला वाळीत टाकलं असतं. म्हणजे बघा, गाव आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवतं म्हणून रडायचं, आणि आपल्या घरात आपण बाईला हत्याराबाहेर ठेवायचं.

धाकटे खोत पलटणीतून घरी आले ते लायसनचं पिस्तूल घेऊन. जुनं म्यान कुजलं होतं. बाला दिसत नाही म्हणून काम काय ते विचारायला मी गेले. ते ओटीवर बसून माझ्याशी नीट बोलले. म्हणाले, “पलटणीत आम्ही सगळे एका पंगतीत जेवायचो. मी असलं काही मानत नाही.” मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लय बरं वाटलं. कुणी माझ्याशी एवढं सरळ बोलून किती काळ झाला होता!

आता कामाचं ऐका. म्यानाला पाठीचं चामडं घ्यायचं. पोटाचं नको. ते सैल असतं, आज घट्ट बसतं, उद्या ताणतं आणि पिस्तूल आत डुगडुगतं. आधी जाड कागदावर आकार काढा, तो कागद पिस्तुलाभोवती दुमडून बघा. कागद वाया गेला तर जाऊ दे, चामडं जायला नको. शिवणीला बोटभर जागा सोडा. रापीला धार हवी. बोथट रापी कापत नाही, चावते, आणि घसरली की तुमचंच बोट घेते. दोरा मेणातून ओढा. एका दोऱ्याला दोन सुया, दोन्हीकडून एकाच भोकातून घाला. मग एक टाका तुटला तरी शिवण उसवत नाही.

मग पाणी. कोमट. म्यान त्यात बुडवायचं आणि बुडबुडे थांबले की काढायचं. रिकामं पिस्तूल मेणकापडात गुंडाळून ओल्या म्यानात घालायचं आणि शिंगाच्या तुकड्यानं वरून दाबत जायचं. ओलं चामडं ऐकतं, जे सांगाल ते ऐकतं. पिस्तूल काढून म्यान सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवाल तर तडकेल. वाळलं की एरंडेल, तेही थोडं थोडं, फडक्यानं. कडांना मेण लावून लाकडानं घासा. शेवटी म्यान उलटं धरून हलवा. पिस्तूल पडता कामा नये, पण एका ओढीत हातात यायला हवं. आणि घरी आल्यावर पिस्तूल म्यानात ठेवून निजू नका. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज चढतो.

पिस्तूल घरी न्यायला मिळणार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून ओलं म्यान घेऊन मी त्यांच्या अंगणात, गोठ्याच्या सावलीला बसून ते बसवलं. शिवलंय बानं, मी नुसतं बसवते, असं सांगितलं. पिस्तूल माझ्या हातात दिलं नाही. पायरीवर ठेवलं, मी उचललं. काम झाल्यावर मी पायरीवर ठेवलं, धाकट्या खोतांनी उचललं. त्याच्यावर कुणी पाणी मारलं नाही. मी बघतच राहिले, तर बाईसाहेब म्हणाल्या, “लोखंडाला विटाळ नसतो.”

लोखंडाला नसतो, चामड्याला असतो. बरं, चामडं कुणाचं होतं? त्यांच्याच गोठ्यात मेलेल्या बैलाचं! जिवंत होता तोवर त्याला ओवाळत होते. मेल्यावर आम्ही ओढून नेला, हिरड्यात कमावला, आणि तो बाटला.

तर ती पहिली खेप. पाणी पडलं, डाग पडले. दोन दिवसांत गडी म्यान काठीला लटकवून आमच्या दारात हजर. “डागाळलंय. साहेब म्हणतात, काम कच्चं हाय.”

कच्चं! मी गड्याला सुनवायला दारात आले. पण बा म्हणाला, “गप. नीट कर नि दे.”

चामड्यावर पाण्याचा डाग पडला तर एकच उपाय आहे. डागापुरतं पुसत बसायचं नाही, सगळंच्या सगळं परत भिजवायचं. म्हणजे सगळीकडं सारखा रंग येतो. पण भिजवलं की आकार जातो. पुन्हा पिस्तुलावर बसवायचं, पुन्हा वाळवायचं, पुन्हा तेल. मी सगळं केलं. घेऊन गेले. पुन्हा पायरी, पुन्हा तांब्या. या खेपेला मी तोंड उघडलं. हळूच. “बायसाहेब, पानी मारू नका. त्यानंच डाग पडतात.”

“मग काय तुझ्या घरच्या पाण्यात बुडवलेलं तसंच बांधू त्याच्या कमरेला?”

आणि शिंपडलं.

आता हे लक्षात घ्या. डाग काढायला माझं पाणी लागणार. माझं पाणी लागलं की त्यांचं पाणी पडणार. त्यांचं पाणी पडलं की डाग पडणार. हे कधी संपणारच नव्हतं! घाण्याच्या बैलाला निदान डोळ्यांवर झापड असते. मला सगळं दिसत होतं. धाकटे खोतही समोर उभे होते. त्यांनाही दिसत होतं. ते म्हणाले, “तू डाग काढून आण. मग बघू काय ते.” मला वाटलं, हा माणूस बघेल. आईला समजावेल. पलटणीतला आहे.

त्या आशेवर मी तिसऱ्यांदा म्यान केलं. इतकं सुरेख मी परत कधी केलं नाही.

घेऊन गेले तेव्हा धाकटे खोत अंगणातच होते. म्हणाले, “दाखव बघू.” आणि त्यांनी हात पुढं केला. पायरीकडं बोट दाखवायला नाही, खरोखरचा. माझ्याकडं. मी म्यान पुढं केलं. वीतभर अंतर राहिलं होतं. तेवढ्यात ओटीवरून आवाज आला. “थांब. पाणी मारलं नाही अजून.”

त्यांचा हात थांबला. मग मागं गेला. मागं जाऊन पाठीशी लपला. पहिल्यांदाच मी वर बघितलं, त्या माणसाच्या तोंडाकडं. लाजला होता. पण तो मला लाजला नव्हता, आईला लाजला होता. मला म्हणाला, अगदी मऊ आवाजात म्हणाला, “ठेव ना खाली. काय एवढं?”

काय एवढं.

बाईसाहेबांची काठी मी सोसली होती, त्यांचं ‘आणखी सर’ सोसलं होतं. हे ‘काय एवढं’ नाही सोसलं. ज्याला कळत नाही त्याचं एक असतं. याला सगळं कळत होतं.

मी म्हणलं, “न्हाय ठेवत.”

“काय?”

“खाली न्हाय ठेवत. हातात घ्या. न्हायतर मिळायचं न्हाय.”

“तुझ्या बापाला पाठव. काम त्याचं आहे, तू कोण बोलणारी?” आता त्याचा आवाज मऊ नव्हता.

“काम माझं हाय. बाला दिसत न्हाय. कापलंय मी, शिवलंय मी.”

गडी तोंडावर हात ठेवून बघत राहिला. बाईसाहेबांच्या हातात तांब्या तसाच. मी म्यान छातीशी धरलं आणि अंगणातून बाहेर पडले. पाठ दाखवून. त्या घराला पाठ दाखवायची नसते, उलट्या पावली निघायचं असतं. मी सरळ चालले.

घरी येऊन दाराला कडी घातली. भीती वाटत होती. नंतर लोक म्हणतात, काय धाडस! कसलं धाडस.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, जागा मोकळी करा. बा काठी टेकत खोतांकडं गेला. तासन्‌तास त्यांच्या अंगणात बसला. परत आला तो रडतच. “त्यांच्या पायरीवर म्यान ठेव, पोरी. पाया पड. ऱ्हा म्हनतील.”

“न्हाय.”

“माझ्यासाठी.”

“तुझ्यासाठी जीव दीन, बा. ह्ये न्हाय.”

त्यानंतर बा माझ्याशी बोलला नाही. सोयरे आले, पण धीर द्यायला नाही. बाईच्या हाती रापी गेली की घर बुडतंच, असं दारात उभं राहून ऐकवून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत माझ्या हातचं. आमचेच! मुंबईहून माझा भाऊ आला आणि बाला घेऊन गेला. मला म्हणाला, “तुला कुठं नेऊ? लोक काय म्हनतील?” बा जाताना माझ्या दिशेनं तोंड वळवून उभा राहिला. दिसत तर नव्हतं त्याला. वाटलं, आता बोलेल. नाही बोलला. तो मुंबईतच वारला. मला निरोप आला तो माती झाल्यावर.

मी हत्यारांचं बोचकं बांधलं आणि दिघीला आले. धक्क्याजवळ उंडीच्या झाडाखाली बसले. आगरदांड्याची होडी लागली की उतारू चिखलातून वर येतात. चपलांचे अंगठे तुटतात, पट्टे सुटतात. पहिले कित्येक दिवस कुणी आलं नाही. बाई चपला शिवते म्हणून पोरं बघायला यायची, खडे मारून पळायची. जवळचं चामडं संपलं तेव्हा मी ते म्यान कापलं. त्याचे अंगठे केले. कापताना रडले, पण हात हलू दिला नाही.

होडीचा तांडेल मुसलमान होता, म्हातारा. त्याची चपल शिवून झाली तशी मी जुन्या सवयीनं खाली ठेवायला वाकले. त्यानं मधेच माझ्या हातातून घेतली, पायात घातली आणि ओरडत होडीकडं गेला. त्याला काही कळलंही नाही. माझ्या बोटांना त्याची बोटं लागली होती. किती वर्षांनी माणसाचा हात लागला मला. सांगावं तर कुणाला? झाडाखाली एकटीच बसून राहिले. त्या दिवसापासून मी खाली वाकणं बंद केलं.

ते सगळ्यांना चालतं असं समजू नका. मागं एक गृहस्थ आले. धुवट धोतर, काखेत छत्री. तुटलेला पट्टा मी शिवला आणि चपल पुढं केली. त्यांनी छत्रीच्या टोकानं जमीन दाखवली.

मी म्हणलं, “हातात घ्या.”

ते हसले. “अगं बाई, माझ्या मनात काही नाही. सवय आहे नुसती.”

“मग मोडा की.”

होडी सुटायला आली होती. तांडेल हाका मारत होता. लोक वळून बघायला लागले. गृहस्थांचा हात जरासा उचलला, मग त्यांनी त्याच हातात छत्री घेतली. एक पाय चपलेत, एक चिखलात, असे चालत जाऊन होडीत बसले. होडी पार मधे जाईपर्यंत माझ्याकडं बघत होते. मी चपल धरून उभी होते.

त्या दिवशी मला दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही. उपाशी निजले. हेही सांगते, कारण हे काम शिकायचं तर हेही शिकावं लागेल. रापी धरायला मी शिकवीन, टाका घालायला शिकवीन. पण माझ्याकडं शिकलेल्या हातानं माल जमिनीवर ठेवायचा नाही. खोत असो, साहेब असो, नाहीतर आपलाच सोयरा असो. माझ्या हातचं हवं, तर माझ्या हातातून घ्या. नाहीतर अनवाणी जा.