हळू न चालणारी गाडी

न जळलेल्या पेट्रोलचा वास आला की आजही मला ती विसर्जनाची दुपार आठवते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या भावाने जुनी, दोन दारांची छोटी स्पोर्ट्स कार घेतली होती आणि शर्यतीसाठी तिचं इंजिन पार बदलून टाकलं होतं. मोठा कार्ब्युरेटर, नवा कॅमशाफ्ट. वजन नको म्हणून मागची सीटसुद्धा काढली. हायवेवर ती सुसाट पळायची, पण हळू चालवली की बंद पडायची. विसर्जनाच्या दुपारी बाबांच्या छातीत कळ आली, तेव्हा आमच्या गल्लीत, घडियाळी पोळमध्ये, एकही रिक्षा नव्हती. बाबांना पुढे बसवलं. मी मागे उघड्या पत्र्यावर उकिडवी बसून त्यांचे खांदे धरले. नाक्यावरच मिरवणूक आडवी आली. ढोल-ताशे, गुलाल, आणि त्या गर्दीत गाडी गचके देत सारखी बंद पडत होती. "अरे, हळू घे ना," बाबा कण्हले. "हळू चालतच नाही हो ती!" भाऊ रडत किल्ली फिरवत राहिला. पेट्रोलचा वास कोंडला आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. मग मिरवणुकीतली पोरं "धक्को मारो!" ओरडत गाडी ढकलत निघाली. बाबांनी डोळे मिटले. "आता कशी शांत चालली आहे," एवढंच पुटपुटले. दवाखान्याच्या फाटकाशी मी हाक मारली, तेव्हा त्यांनी ओ दिली नाही. भावाकडे आता साधी गाडी आहे, पण लाल सिग्नलला तो इंजिन कधीच बंद करत नाही, आणि मीही त्याला बंद कर म्हणत नाही.