साहेबांचा आजचा रंग

आमच्या मामेसासऱ्यांनी कित्येक वर्षं कुणाला "कसे आहात?" म्हणून विचारलं नाही. त्यांना विचारायची गरजच पडत नसे. तुम्ही कसे आहात ते तेच तुम्हाला सांगायचे. तुम्ही दारात चपला काढत असता, तेवढ्यात त्यांची नजर तुमच्या तोंडावरून एकदा फिरायची आणि निकाल लागायचा. "जावईबापू, कानाच्या पाळीला राखाडी झाक आलीय. झोप झाली नाय." खरंच झालेली नसायची. मला तर बायको मिळाली ती या नजरेतून पार पडल्यावर. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे पोह्यांकडे बघत होते, मी मुलीकडे बघायचा धीर गोळा करत होतो आणि मामा माझ्याकडे बघत होते. एकदम उठले, माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि म्हणाले, "कावीळ होऊन गेली का?" झाली होती. आईनं ती शिताफीनं लपवली होती. घरात अशी शांतता पसरली की माझ्या बशीतला चमचा वाजला तो सगळ्यांना ऐकू गेला. मग मामाच म्हणाले, "असू द्या. बेस चांगला हाय. फिनिशिंग राहिलंय." एवढ्यावर माझं लग्न ठरलं. फिनिशिंग अजून राहिलेलंच आहे, असं बायकोचं मत आहे.

मामा मूळचे पाचोडकडच्या शेतकरी घरातले, पण त्यांची हयात गेली वाळूजच्या एका कारखान्यात, पेंटशॉपमध्ये. रंगवलेल्या टाक्या आणि दारं ओळीनं समोरून सरकायची आणि मामांनी फक्त बघायचं. दोन टाक्या तुम्हाआम्हाला जुळ्या वाटल्या तरी मामा एकीवर बोट ठेवून म्हणायचे, "ही हिची बहीण नाय, चुलत बहीण हाय," आणि ती परत जायची. त्यांच्याकडे रंगांना नुसतं निळा-पिवळा म्हणत नसत. भिजवलेल्या तुरीचा रंग, दुसऱ्या उकळीच्या चहाचा रंग, पितृपक्षातल्या आभाळाचा रंग, अशी रंगांची गावंच्या गावं त्यांनी वसवली होती. मामी साडी घ्यायला जायची ती त्यांना दुकानाबाहेर उसाच्या रसापाशी उभं करून. एकदा चुकून आत शिरले तर दुकानदाराला म्हणाले, "पदर आन् अंग एका घाण्यातलं नाय." दुकानदारानं साड्या आवरल्या आणि मामीनं मामांना.

निवृत्तीनंतर मात्र या नजरेला काम उरलं नाही. बजाजनगरमधल्या त्यांच्या घरापुढं एक डाळिंबाचं झाड, त्याखाली एक खुर्ची आणि खुर्चीत मामा. ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल हे पंचांगालाही सांगता येत नव्हतं. आणि शहर मात्र पाणी नसताना वाढत होतं. कसं वाढत होतं देव जाणे. मामांच्या घराशेजारी बाभळी-हिवरांचं मोठं रान होतं, त्यात एक दिवस जेसीबी शिरला. संध्याकाळपर्यंत रानाचं मैदान झालं आणि त्या मैदानातून एक प्राणी रस्ता ओलांडायला निघाला. घोयरा सरडा, घडीघडी रंग बदलणारा. एक डोळा पुढं, दुसरा मागं. एक पाऊल उचलायचं, जायचं की नाही असा विचार करत हवेत झुलवायचं, मग ठेवायचं. कारखान्याची बस येत होती. मामा तिच्यापुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

ड्रायव्हर ओरडला, "काका, मरायचंय का?"

"मला नाय. ह्याला जगायचंय. इंजन बंद कर, लांबचा पल्ला हाय."

सबंध बस खिडक्यांतून माना काढून बघत राहिली. घोयऱ्यानं सावकाश रस्ता पार केला, फाटकाखालून आत आला आणि डाळिंबावर चढला. ते बघणाऱ्यांपैकी एक जण पुढं मला सांगत होता, "साहेब, टाइम थांबल्यासारखा झाला हो." मामांनी त्या घोयऱ्याचं नाव साहेब ठेवलं, कारण त्यांच्या जुन्या मॅनेजरचाही एक डोळा माणसावर आणि दुसरा घड्याळावर असे. कुणी "सरडा पाळला म्हणे" असं म्हटलं की ते चिडायचे. "पाळला नाय. त्यांनी जागा घेतलीय. पिंजरा हाय का कुठं?" मामी म्हणाली, "मला आयुष्यभर एक मांजर पाळू दिलं नाय, केस गळतात म्हणून. आता हे बरंय, ह्याला केसच नायत."

माणसांना मामांची नजर नकोशी व्हायची, साहेबांना चालत होती. मामा पहाटेचा चहा घेऊन खुर्चीत बसायचे आणि साहेब हळूहळू रंगात यायचे. मला वाटतं, मामांच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ असावा. रंग ओळखायचा आणि परत पाठवायचा नाही! दुपारी झळा लागल्या की झाड, खुर्ची, साहेब आणि मामा मिळून पाण्याखालच्या चित्रासारखे हलायचे. मी कधी गेलोच तर मलाही तिथं गुंगी यायची आणि मी कशासाठी आलो होतो ते विसरून परत यायचो.

पण काळजी माणसाला सोडते थोडीच. एका सकाळी फोन आला. "जावईबापू, साहेब काळे पडलेत! या!" मी दाढी अर्धी टाकून स्कूटर काढली. पोचेपर्यंत साहेब हिरवेगार. मामांनी माझ्या अर्ध्या दाढीकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमचंच टचअप राहिलंय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी ओळखीच्या एका जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. तरुण पोरगा. "काका, माझ्याकडं म्हशी येतात," असं म्हणत का होईना, आला. त्यानं लांबूनच बघितलं, हात लावला नाही. म्हणाला, "सकाळी ऊन प्यायला ते काळं पडतं. ते आजारपण नाही. आणि काका, रानातला जीव आहे, कोंडू नका, हाताळू नका. तब्येत बघायची तर रंग बघू नका, डोळे बघा. डोळा फुगीर, फिरता पाहिजे. खोल गेला, दिवसा मिटला, फांदीवरची पकड सुटायला लागली, तर मला बोलवा."

मामांना राग आला. ज्यानं सगळं आयुष्य रंग बघितला, त्याला हा नुकतं मिसरूड फुटलेला सांगतो, रंग बघू नका! डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "पोरगा हुशार हाय. पण स्वतःच फिका हाय."

त्याच उन्हाळ्यात आमच्या नात्यात काविळीची साथ आली. म्हणजे मामांनी आणली. मी पिवळा, बायको पिवळी, शेजारची नवी सून पिवळी. माझी जुनी कावीळ उलटली असेल म्हणून मी रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. मामा म्हणाले, "मशीनला कुठं शेड कळती?" मग टँकरवाल्याशी भांडण झालं. "हे पाणी पिवळं हाय, मी घेणार नाय." टँकरवाला बादली पुढं करून म्हणाला, "चचा, आरसे जैसा पानी है, मुँह देख लो." मामी बादलीत वाकून बघत होती. गुपचूप दोन घागरी भरून घेतल्या. आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखंच होतं ते, असं तेव्हा वाटलं.

मग काही दिवस मी गेलो नाही. फोनवर साहेबांची चौकशी केली की मामा सांगायचे, "फर्स्टक्लास. शेवग्याच्या कोवळ्या पाल्याचा रंग." एका रविवारी गेलो तर भरदुपारी साहेब डोळे मिटून बसलेले. डोळ्यांचे गोळे आत गेलेले, मनुक्यासारखे. मागचा एक पाय फांदीवरून सुटून लोंबत होता. आणि रंग? माझं रंगाचं ज्ञान असं, की मी जांभळा म्हणून आणलेला सदरा घरी येऊन निळा निघतो. पण मलाही दिसत होतं की साहेब हिरवे नव्हते. चुलीतल्या राखेचा होता तो रंग. फांदीखाली पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी ठेवली होती, पाखरांना ठेवतात तशी.

"कसे वाटतात साहेब?" मी भीत भीत म्हणालो.

"सांगितलं ना, शेवग्याचा पाला."

मी मामीकडे बघितलं. दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. ते रडणं सरड्यासाठी नव्हतं, हे मला उशिरा कळलं. मला सगळ्याच गोष्टी उशिरा कळतात.

मी डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "पाणी कमी पडलंय. वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही. त्याला पानावरून ओघळणारा थेंब कळतो. पिचकारीनं तोंडात बिलकुल घालू नका, छातीत जाईल. पानांवर थेंब थेंब पडू द्या. मी निघालोच."

म्हणजे साहेब भरल्या वाटीशेजारी तहानेनं चालले होते, आणि ती वाटी रोज मामा स्वतःच्या पिण्यातलं पाणी काढून भरत होते. थेंब थेंब कसं पाडायचं याचा मी विचार करतोय तोवर मामी देवघरात गेली आणि पिंडीवरची गळती घेऊन आली. श्रावणात महादेवावर संततधार धरतात ते तळाला भोक असलेलं तांब्याचं भांडं.

"अगं, देवाची हाय ती!" मामा म्हणाले.

"असू द्या. महादेवाच्या डोक्यावर गंगा हाय. ह्याच्या डोक्यावर काय हाय?"

मी स्टुलावर चढून गळती वरच्या फांदीला बांधली. पहिला थेंब पानावर पडला, टोकाशी आला, थांबला, सुटला. मग दुसरा. रस्त्यावर कुठं तरी जेसीबी चालू होता, त्याचा आवाज हळूहळू लांब गेल्यासारखा वाटला. आम्ही तिघं त्या थेंबाच्या टोकाला लोंबकळत होतो. बऱ्याच वेळानं साहेबांचा एक डोळा उघडला. फिरला. थेंबावर येऊन थांबला. मग तोंड पुढं आलं आणि साहेब पाणी प्यायले.

मामा खुर्चीतून उठले. माझ्या दंडाला धरलं आणि अगदी हळू विचारलं, "जावईबापू, कसे दिसतायत?"

त्या माणसानं पहिल्यांदा कुणाला तरी विचारलं होतं. मी त्यांच्याकडे वळून बघितलं, तेव्हा म्हणाले, "मला सगळं चहातनं बघितल्यासारखं दिसतंय. लई दिवस झाले. शेवग्याचा पाला मी आठवणीतनं सांगत होतो."

मामी म्हणाली, "मला ठाऊक हाय. टँकरचं पाणी पिवळं नव्हतं."

"मग बोलली का नाय?"

"तुमचं दुसरं होतं काय, डोळ्यांशिवाय?"

तेवढ्यात डॉक्टर आला. त्यानं साहेबांना बघितलं, मान डोलावली, मग जाता जाता मामांच्या डोळ्यांत वाकून बघत म्हणाला, "काका, मी म्हशींचा डॉक्टर. पण हा मोतीबिंदू आहे. हा निघतो." यावेळी मामा त्याला फिका म्हणाले नाहीत.

मामांच्या डोळ्याला पट्टी होती त्याच दिवसांत शेजारच्या मैदानात पाया खणायला सुरुवात झाली, धुरळ्यानं डाळिंब पांढरं पडलं. डॉक्टरनं वनखात्याच्या माणसांना बोलावलं. तोवर साहेबांची पकड घट्ट झाली होती, जीभ माशीपर्यंत पोचत होती. मामी म्हणाली, "जाऊ द्या त्याला. तिकडं डोंगराकडं कुणी जोडीचं तरी भेटंल." मी होतो तिथं. साहेब फांदीसकट गेले, एक डोळा पुढं, दुसरा आमच्यावर.

पट्टी निघाल्यावर मामांनी आधी आभाळ बघितलं आणि मग मामीकडे बराच वेळ. तिचे केस एवढे पांढरे झालेत हे त्यांना कळलेलं दिसत होतं. पण तो पांढरा कसला, हे त्यांनी सांगितलं नाही. मला म्हणाले, "जाताना साहेबांचा रंग कोणता होता?"

"हिरवा," मी म्हणालो.

"हिरव्यात गावं हायेत, जावईबापू." मग मान डोलावली. "बरं. हिरवा तर हिरवा."

महादेवाची गळती परत पिंडीवर गेली. मामीनं तशीच एक आणून डाळिंबाला टांगली. उरलंसुरलं पाणी तिच्यात घालतात आणि मामा त्याखाली बसतात. नजर आता लख्ख आहे, पण आता ते निकाल देत नाहीत. मी दारात चपला काढत असताना विचारतात, "कसे आहात, जावईबापू?" आणि उत्तराची वाट बघत थांबतात. इतकी वर्षं मला ते उत्तर आयतं मिळत होतं, त्यामुळे मला ते देता येत नाही. परवा मी म्हटलं, "तुम्हीच सांगा ना, मामा."

ते हसले. उठून जवळ आले, माझी हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. वरून थेंब पडत होते. मामा पुष्कळ वेळ बघत राहिले.

"बेस चांगला हाय," म्हणाले, आणि हनुवटी सोडली. "फिनिशिंगचं राहू द्या आता."