इन्शिराहखाला आणि चपटे सेल

इन्शिराहखाला आमच्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहते. लिफ्ट बंद पडून इतकी वर्षं झालीत की तिच्या दारापाशी लोक आता सायकली लावतात. खालाने अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. तिचा नवरा बय्यूमी ट्राम चालवायचा. साखरेनं त्याचे डोळे नेले, मग एका पायाची बोटं नेली. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई, आणि सुईआधी बोट टोचून रक्ताचा थेंब त्या छोट्या यंत्राला दाखवायचा. कुवेतला असलेल्या मुलीनं ते यंत्र आणून दिलेलं. यंत्राबद्दल खालाची तक्रार नव्हती. रडगाणं होतं ते त्याच्या पोटातल्या चपट्या सेलचं.

पूर्वी हा सेल कोपऱ्यावरच्या फार्मसीत मिळायचा आणि वर्षभर बघावं लागायचं नाही. मग बाहेरून येणारा माल अडकला. फार्मसीवाला आधी "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचा, नंतर खाला दारात दिसली की लांबूनच मान हलवायला लागला. राहिला मनशियाचा बाजार. तिथं फुटपाथवर ताडपत्री पसरून सेलचे ढीग लावलेले असतात. कंगवे, चार्जर, रिमोट आणि सेल, सगळं एकाच ढिगात.

"किती दिवस चालेल रे हा?" खालाने ताडपत्रीवाल्याला विचारलं.

"हाज्जा, त्यावर लिहिलंयच की! दोन हजार बत्तीस. त्या सालापर्यंत बघायला नको."

तो आकडा सेलच्या मापाचा असतो. हे त्यालाही माहीत होतं आणि खालालाही. तरी तिनं घेतला. न घेऊन करते काय? तो सेल आठवडाभर चालला. दुसरा त्याहून कमी. तिसरा तर घालताक्षणी यंत्र उजळलं, थेंब लावला आणि विझलं. बय्यूमीच्या बोटाला नुसतंच भोक पडलं.

"माझी बोटं म्हणजे चाळणी झालीय," तो म्हणाला. "आता पीठ चाळून घे."

एका दुपारी मी कोथिंबीर मागायला वर गेले होते. बय्यूमी खुर्चीत बसला होता. अंगावरचा सदरा घामानं ओला, आणि तो ट्रामची स्टेशनं पुकारत होता. थट्टेत तो नेहमीच पुकारायचा, पण त्या दिवशी क्लिओपात्रानंतर एकदम रुश्दी म्हणाला, मग परत स्पोर्टिंग. इतकी वर्षं ज्या रस्त्यानं ट्राम नेली तो रस्ता त्याला लागेना. खाला यंत्राचं बटण दाबत होती आणि काच काळीच होती. साखर चढली की उतरली, कळायला मार्ग नाही.

"काय देऊ गं याला?" ती मला विचारत होती. मला काय कळणार?

शेवटी तिनं मध पाण्यात ढवळला आणि चमच्यानं त्याच्या तोंडात घातला. थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "एवढा गोड कशाला करतेस चहा?" खाला खाली फरशीवरच बसली. मीही कोथिंबीर विसरून तशीच खाली आले.

दुसऱ्या दिवशी ती ट्रामनं निघाली. अत्तारीन भागातल्या एका घड्याळजीनं तिचे मेलेले सेल आणि ढिगातलाच एक कोरा सेल मीटरवर लावून बघितला. कोरा सेल काट्यावर भरलेला दिसत होता.

"चांगला आहे की मग," खाला म्हणाली.

"हाज्जा, माझा जावईपण असाच आहे. नुसता बसलेला असला की पैलवान, काम सांगितलं की आडवा." घड्याळजीनं सेल परत दिला. "ढिगातला माल जुना असतो, नाहीतर नक्कल असते. सीलबंद खोका, त्यावर तारीख, आणि जिथं माल पडून राहत नाही असं दुकान. माझ्याकडे नाहीये. असता तर तुम्हाला खोटं बोलून विकला नसता."

त्यानं ज्या दुकानाचं नाव दिलं तिथं सेल नव्हताच. तिथल्यानं दुसऱ्या दुकानात पाठवलं, तिथं शटर खाली. असं करत करत ती मोठ्या इस्पितळामागच्या डॉक्टरी सामानाच्या दुकानात पोचली. तिथं मदाम एवलीन नावाची म्हातारी गल्ल्यावर बसलेली असते. तिच्याकडे सेल होते. सीलबंद, तारीख पुढची. पण सुटा द्यायला ती तयार नाही.

"एक खोका फोडला की बाकीच्यांवर लोक संशय घेतात. घ्यायचा तर अख्खा घ्या."

अख्ख्या खोक्याची किंमत ऐकून खाला परत फिरली. पेन्शनीत ते बसणारं नव्हतं. घरी येऊन पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसली आणि संध्याकाळी उठून एकेक दार वाजवायला लागली. वर्गणी काढून खोका आणायचा आणि वाटून घ्यायचा. कोणाच्या गाडीच्या किल्लीत हाच सेल, कोणाच्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात, कोणाच्या हिशेबाच्या यंत्रात. तरी प्रत्येक दारात हुज्जत व्हायची.

"खाला, खात्री काय?" वकील लबीबनं विचारलं.

"खात्री हवी असेल तर गाडी ढकलत ने," खाला म्हणाली. लबीबनं पैसे दिले.

खोका आला आणि खालाच्या घरी राहिला. सेल खरोखर चांगले निघाले. बय्यूमीच्या यंत्राची काच सकाळ-संध्याकाळ बिनबोभाट उजळायला लागली, आणि खाला दुपारची जरा आडवी होऊ लागली. पण लोकांना सवय लागली. लबीबची दुसरी किल्ली, कोणाच्या तरी मेव्हण्याचा काटा, जो तो वर चढून यायचा. सेल ओसरत गेले. शेवटी दोन उरले. ते खालाने फडक्यात गुंडाळून बय्यूमीच्या औषधांमागे ठेवले आणि सगळ्यांना सांगितलं, "संपले."

तेव्हाच एका सकाळी वहीबा वर आली. वहीबा म्हणजे आमच्या पहारेकऱ्याची बायको, जिन्याखालच्या खोलीत राहते. तिला सातवा महिना होता. पोटुशेपणी साखर निघालेली, दवाखान्यानं यंत्र दिलेलं. वर्गणीच्या वेळी आम्ही कोणी तिचं दार वाजवलंच नव्हतं. खालानेही नाही, मीही नाही.

"खाला, तुमच्याकडे तो चपटा सेल असतो म्हणे. माझं यंत्र कालपासून बंद आहे."

"संपले गं," खाला म्हणाली आणि दार लावलं.

आतून बय्यूमीनं विचारलं, "कोण होतं?"

"वहीबा."

"एवढे जिने चढून आली?"

"हो."

"आणि तू संपले म्हणालीस?"

खालाने भांडी घासायला घेतली. बय्यूमी म्हणाला, "मला जे झालं ते तिला जिन्यात झालं तर तिला कोण मध पाजणार? पहारेकरी तर दिवसभर दारावर असतो."

"आणि तुझा सेल संपला तर? परत कोण वणवण करणार? तू?" खाला ओरडली. तिचा आवाज माझ्या घरापर्यंत आला. "माझे गुडघे बघ एकदा! नाही, तुला कसे दिसणार!"

थोड्या वेळानं मी केर टाकायला बाहेर आले तर खाला कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती, मुठीत फडकं. मी म्हटलं, द्या, मी नेऊन देते. ती म्हणाली, "नको. खोटं मी बोलले, मीच जाते."

वहीबानं तिला बसायला स्टूल दिलं. खालाने स्वतःच्या हातानं सेल घातला, वहीबाचं बोट टोचलं, आकडा बघितला आणि सांगितलं की बाई, भात कमी कर. आकडा जास्तच होता. वहीबा त्याच दिवशी दवाखान्यात गेली, आणि त्यांनी तिला दोन दिवस ठेवून घेतलं. पुढे तिला मुलगी नीट झाली, वजनदार, टाहो फोडणारी.

खाला त्या दिवशी वर चढताना माझ्या मजल्यावर थांबली आणि पायरीवरच बसली. मी पाणी आणलं. ते पिऊन म्हणाली, "एकच राहिलाय. पुढच्या वेळी तू चल माझ्याबरोबर. एकटीला कंटाळा येतो."

मी गेले. या वेळी वर्गणीला वहीबाचं दार आम्ही सगळ्यात आधी वाजवलं. मदाम एवलीननं किंमत वाढवली होती. खाला घासाघीस करत बसली नाही. ट्राममध्ये खोका मांडीवर धरून, डोळे मिटून बसली.