अंतराळातली सेकंड शिफ्ट

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, मुलांना नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझं तोंड पाहिलेलं नाही. समोरासमोर बसला असता तर मी चहा टाकला असता, इकडचं तिकडचं बोलले असते आणि ही गोष्ट पुन्हा राहूनच गेली असती. इतकी वर्षं तेच तर केलं.

आधी कबूल करते, की ते दिवस माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे दिवस होते. म्हणूनच सांगायला जड जातं. वाईट दिवसांत माणूस वाईट वागला तर लोक समजून घेतात. मी मात्र अगदी मजेत होते.

आम्ही पिंपरीला कामगारांच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. हे एका कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या खात्यात होते. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायचे, लातूरकडून इकडे आले आणि हेल्पर म्हणून लागले. मी सांगतेय त्या दिवसांत ते निवृत्त होऊन घरी होते. मामांना स्वतःला सही करण्यापुरतं लिहिता यायचं. पण शिक्षण म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. विहारात कुणाचा मुलगा पास झाला की मामा उठून त्याला छातीशी धरणार. माझं स्थळ त्यांनी पसंत केलं ते एकाच गोष्टीसाठी. माझे वडील त्यांना म्हणाले होते, पोरगी मॅट्रिकपर्यंत शिकलीय.

मॅट्रिकपर्यंत — हे खरंच होतं. मी मॅट्रिकला बसले होते. इंग्रजीत नापास झाले होते, दोनदा. वडिलांनी तेवढं सांगितलं नाही, मामांनी विचारलं नाही, आणि मी? मी पोह्यांची बशी घेऊन उभी होते, बोलू शकले असते. नाही बोलले. लग्नानंतर महिन्याभरात मामांनी सगळ्या क्वार्टर्सला सांगून टाकलं होतं, की आमच्या सुनेला इंग्रजी येतं. विहारात मुलींना शिकवायलाही बोलावलं. घरकामाचं निमित्त करून मी तिथून पळ काढला.

मग काही वर्षांनी दिवाळीच्या बोनसला ह्यांनी टीव्ही आणला. लाकडी दारांचा, काळा-पांढरा. गच्चीवर अँटेना सिंहगडावरच्या टीव्ही टॉवरकडे तोंड करून बांधला. आमच्या मजल्यावर तो पहिलाच. आणि काही महिन्यांतच रविवारी सकाळी ती परदेशी मालिका सुरू झाली — एक अंतराळयान, त्यात पाच माणसं, आणि सगळं इंग्रजीत.

ती मालिका तुम्ही पाहिली असेल तर हसाल. फारच गरीब मालिका होती हो! यानाचं दार बंद केलं की शेजारची भिंत हलायची. ग्रह कुठलाही असो, गुहा तीच, फक्त एकदा डावीकडून दाखवायचे, एकदा उजवीकडून. एकदा कॅप्टनच्या पाठीवर भला मोठा दगड कोसळला आणि चक्क उसळी मारून बाजूला गेला. परग्रहावरच्या राक्षसाच्या पाठीला चेन होती, ती अर्धी उघडी राहिलेली. माणसांचं बोलणं मात्र असं गंभीर, की जणू सगळ्या विश्वाचं ओझं ह्यांच्याच डोक्यावर.

पण आमच्या खोलीत टीव्ही बघायला जमणाऱ्या शेजाऱ्यांना ती जीव की प्राण झाली. का, ते मला बघता बघता कळलं. ही सगळी हातानं वस्तू बनवणारी माणसं. यानाचं यंत्र दिसलं की लेथवर काम करणारा शेजारचा टर्नर ओरडणार, "तो गेज उलटा लावलाय राव!" आमचे हे डोळे बारीक करून म्हणणार, "रंगाचा ओघळ बघा. एकच हात मारून सोडलाय. घाईत असणार बिचारे." नावं ठेवत नव्हते, माया करत होते. कुणीतरी तिकडे दूर, हाताशी असेल त्या सामानात, वेळेत काम उरकायचं म्हणून हे यान उभं केलंय — हे त्यांना दिसत होतं. चकचकीत, खर्चिक काही असतं तर त्यांनी नुसतं तोंड उघडं ठेवून पाहिलं असतं. यात त्यांना आपली माणसं सापडली.

आणि मला? मला त्यात जागा सापडली. सांगते.

पहिल्याच रविवारी पाचेक मिनिटं सगळे पडद्याकडे डोळे लावून होते. कुणाला काही कळत नव्हतं. मग मामा मागे वळले. अगदी सहज. "सुमन, काय म्हनतोय गं त्यो?" खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

पडद्यावर कॅप्टन भिंतीवरच्या घड्याळासारख्या कशाकडे तरी बघून वैतागला होता. बाकीचे चेहरे पाडून उभे. मला त्यातला एक शब्दही कळला नव्हता. नाही येत म्हणावं — एवढंच तर म्हणायचं होतं. मामा पुढ्यात बसलेले. मी म्हणाले, "त्यांचा रिलीव्हर आला नाही."

खोलीतून "अरारारा" असा सूर निघाला. आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय चालू मशीन सोडून जायचं नाही, हा घराघरातला नियम. रिलीव्हर आला नाही की डबल ड्यूटी. घरी जेवण ताटात थांबलेलं, माणूस मशीनपाशी. "म्हंजी घरी न्हाई जायचं त्यास्नी?" मामांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही मामा. यान सोडून जाता येत नाही. बदली माणूस पृथ्वीवरून निघालाय, पण वाटेत कुठे राहिला ते कळत नाही."

झालं. गाडी सुटली ती थांबेचना. पाचही जणांना मी घरं दिली, सासवा दिल्या, रजा नामंजूर करणारा साहेब दिला. यंत्रापाशी बसणारी अंबाड्याची बाई, ती लग्न ठरलेलं असताना यानावर आलेली. ते दर आठवड्याला नवीन ग्रहावर का उतरतात? रिलीव्हरला शोधायला. राक्षस का चिडलेला? त्याच्या घरात विचारल्याशिवाय शिरले म्हणून. बंदुका चालल्या की मी गप्प बसायची, मला उसंत मिळायची. आधीच्या रविवारी काय सांगितलं होतं ते भांडी घासताना आठवून ठेवायची, म्हणजे गफलत नको.

लोक यायला लागले. रविवारी सुट्टी असलेले तर यायचेच, गुरुवारची सुट्टी असलेलेही दुपारच्या सेकंड शिफ्टला जायच्या आधी यायचे, डबा मांडीवर घेऊन. एकदा कॅप्टन खिडकीशी एकटा उभा राहिला, तेव्हा मी म्हणाले, त्याला आईचा आवाज आठवेनासा झालाय. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. तुम्हाला खरं सांगू? मला लाज नाही वाटली. मला ऊर भरून आल्यासारखं वाटलं. नापास झालेली मी, पण माझ्या तोंडाकडे खोलीभर माणसं बघत होती!

एवढ्यावर थांबलं असतं तर ही गंमत होती. नातवंडांना हसत सांगितली असती. पण एवढ्यावर थांबलं नाही.

वरच्या मजल्यावर कुंदा सिस्टर राहायची, म्हाताऱ्या आईबरोबर. कोकणातली, दवाखान्यात नर्स, बाळंतिणींच्या वॉर्डात. सडसडीत, कमी बोलणारी. कुणाच्या मुलाला ताप आला, कान दुखला, की आधी तिचं दार वाजायचं. ड्यूटीवरून आल्या पावली ती मुलाच्या कपाळावर हात ठेवायची. कधी कुणाला नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. आमच्या थोरल्याच्या गोवराच्या वेळी तीच येऊन बसली होती.

ती एका रविवारी आली आणि दाराशी टेकून बसली. कॅप्टन काहीतरी लांबलचक बोलला. मी माझं सांगितलं. आणि कुंदा सिस्टर हसली, तोंडावर हात ठेवून. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. तिला इंग्रजी येत होतं. डॉक्टरांशी रोज बोलणारी ती — आधीच कसं माझ्या लक्षात आलं नाही?

मालिका संपली तशी ती वर निघून गेली. पुढच्या रविवारी पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी कुठेतरी मध्येच हसायची. मला वाटायचं, आज बोलेल. आज म्हणेल, अहो, तो असलं काही म्हणतच नाहीये. आणि मग मामा माझ्याकडे बघतील. एवढंच दृश्य डोळ्यांपुढे यायचं. ज्यांनी अख्ख्या क्वार्टर्सला माझं इंग्रजी सांगितलं, ते मागे वळून माझ्याकडे कसे बघतील?

आता ते सांगते, ज्यासाठी एवढा वळसा घेतला.

सकाळी नळावर चौघी-पाच जणी होतो. दोघींच्या कडेवर तान्ही मुलं. मी हंडा विसळत विसळत म्हणाले, "कुंदा सिस्टरची ड्यूटी आता क्षयाच्या वॉर्डात लागलीय म्हणे." कुणी विचारलं नव्हतं. मला कुणी सांगितलंही नव्हतं. शेवटी "म्हणे" जोडलं, म्हणजे आपल्या अंगाला काही लागत नाही. मग हंडा भरला आणि घरी आले.

तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. आमच्या लोकांची रीतच तशी. रविवारी ती आली तेव्हा दाराशी आधीच कुणी कुणी पाय पसरून बसलेले. कुणी सरकलं नाही. ती क्षणभर उभी राहिली आणि वर गेली. पुढच्या रविवारी आली नाही. आणि नुसता रविवारच नाही — हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, खरंच नव्हतं — मुलांच्या तापाला तिचं दार वाजायचं थांबलं. तिच्या आईजवळ दुपारी बसायला जाणाऱ्या बायका जाईनाशा झाल्या. ती जिन्यात दिसली की आया मुलांना पदराआड घ्यायच्या. मी घेतलं नाही, पण दुसऱ्यांना घेताना पाहिलं. माझ्या एका वाक्याचं हे चाललंय, हे मला पुरतं कळत होतं.

तुम्ही म्हणाल, मग चैन कशी पडली? पडली. खोटं कशाला सांगू? जेवण जात होतं, झोप लागत होती. रविवारी मी आता निर्धास्त होते आणि गोष्ट आणखी रंगत होती.

काही आठवड्यांनी कुंदा सिस्टर जिन्यात भेटली. माझ्या हातात बादली, ती ड्यूटीवरून येत होती. दुसरं कुणी नव्हतं. ती थांबली. मला वाटलं, आता. तिला कळलंय कोण बोललं ते, आता विचारणार. तिनं हळूच, जरा लाजतच विचारलं, "वहिनी, पुढे काय झालं हो त्यांचं?"

मला कळेना. ती म्हणाली, "टीव्हीत काय, ते पाच जण नुसते एकमेकांवर खेकसत असतात. काहीच गोष्ट नाही त्यात. मी तुमचं ऐकायला यायचे. आईलाही घरी जाऊन सांगायचे सगळं. ती विचारते रोज."

ती माझ्यावर हसत नव्हती. तिला मजा येत होती. त्या भरल्या खोलीत एकटी तीच होती, जिला ठाऊक होतं की हे सगळं मी रचतेय — आणि ती त्यासाठीच येत होती. माझ्या त्या गोष्टीला दाद देणारं माणूस एकच होतं आणि त्यालाच मी हाकलून दिलं होतं.

मी काय केलं असेल? बादली खाली ठेवली आणि तिथेच, जिन्यात, मधल्या सगळ्या रविवारांची गोष्ट तिला सांगितली. ती कठड्याला टेकून ऐकत होती. अंबाड्याच्या बाईच्या लग्नाचं सांगितलं तेव्हा मोकळी हसली. मग म्हणाली, "बरं वाटलं," आणि वर गेली. नळावरचं ते वाक्य माझ्या ओठांवर एकदा आलं होतं. मी ते गिळलं.

ते निस्तरायला काय लागलं असतं? नळावर जाऊन म्हणायचं होतं, की बायांनो, ते खोटं होतं, मी बोलले. मग कुणीतरी विचारलं असतं, का बोललीस? आणि तिथून मामांपर्यंत दोन पावलं. मामा जाईपर्यंत त्यांना काही कळलं नाही. कुंदा सिस्टर त्याआधीच आईला घेऊन कोकणात बदलीवर गेली. जाण्याआधी ती बरेच महिने आमच्या डोक्यावरच राहत होती.

त्या महिन्यांतल्या रविवारचं तेवढं सांगते. उन्हाळा होता, दारं-खिडक्या उघड्या असायच्या. आमच्या खोलीतलं बोलणं वरच्या मजल्यावर ऐकू जायचं, हे मला माहीत होतं. मालिका सुरू झाली, की मी नेहमीपेक्षा मोठ्यानं सांगायची. मामा म्हणायचे, "अगं, आमी हितंच हावोत, एवढी का वरडतीस?" मी आवाज कमी करायची नाही. वर ती आणि तिची आई ऐकत असतील असं वाटायचं, आणि त्या वाटण्यानं मला फार छान वाटायचं. दाराशी आता जागाही असायची. मी तिला बोलावलं नाही.