खारीचा कौल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढे हात जोडले तरी या गोष्टीच्या आजूबाजूनंच फिरले. आता थकले. एखादी गोष्ट दडवून ठेवायलाही अंगात बळ लागतं, आणि ते माझ्यात उरलेलं नाही.

गोष्ट एका खारीची आहे. हसू आलं तर हसा.

लढाईचे दिवस होते. पाटणकडचं आमचं गाव. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि मालक रजा संपवून पलटणीत परत निघाले होते. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मांजराच्या तोंडून एक खार सोडवली — पायानं अधू झालेली, भेदरलेली. सबंध दिवस खपून एका खोक्याला तारेची जाळी ठोकली, आणि ती पेटी आपल्या धाकट्या बहिणीपुढे ठेवली. माझ्याशी दिवसभरात काय बोलले? ‘चहा टाक’, एवढंच. मला राग आला. तो काढायचा कुणावर?

वन्संवर. नणंद वयानं लहान असली तरी आम्ही तिला वन्संच म्हणायचो. मिसरूड फुटलेल्या पोरासारख्या उंच, हसऱ्या. पण दोन्ही हातांवर कोड फुटलेलं. गावातल्या बायका त्यांच्या हातचं पाणी घेत नसत, काहीतरी निमित्त सांगून उठत. स्थळ आलं होतं ते एकच — आटपाडीकडचा, बायको वारलेला, बापाच्या वयाचा माणूस. वन्सं नाही म्हणत होत्या. दादा परत येऊ दे, मग बघू, म्हणत होत्या. सासूबाईंचा मात्र रोज तगादा.

शेवटी वन्संनी मला एकटीला गाठून सांगितलं, की मी कौल लावलाय. गुरवाकडून देवाला लावतात तसा नव्हे — खारीला, त्यांच्या चिंगीला.

“चिंगीनं माज्या हातावरनं दाना उचलला तर न्हाई म्हननार, वैनी. न्हाई उचलला तर जाईन आटपाडीला.”

मग रोज दुपारी त्या पेटीत हात घालून बसायच्या. तळव्यावर शेंगदाणा. श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. खार कोपऱ्यात अंग चोरून बसायची, यायची नाही. भित्री हाय बिचारी, यील, असं त्या मलाच समजावायच्या.

ती यायला लागली होती — माझ्याकडे. सकाळी वन्सं ओढ्यावर धुणं घेऊन गेल्या की मी पेटी उघडायची. भिजवलेले दाणे, कधी गुळाचा खडा. पहिल्यांदा नुसती गंमत म्हणून. मग एकदा ती दंडावरून चढून पदरात शिरली, आणि मला वाटलं, या घरात माझंही काहीतरी आहे. हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. कौलाचं कळल्यावर मी हात आखडायला नको होता का? मी दाणे वाढवले. दुपारपर्यंत तिचं पोट टम्म भरलेलं असायचं; ती कशाला येईल कुणाच्या हातावर? हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच करत होते. त्यांना दिलेली वस्तू त्यांना लाभू नये, एवढंच मला हवं होतं. मत्सर होता, दुसरं काही नाही.

आणि तरीही — तेवढंच असतं तर आज लिहायला बसले नसते.

एका दुपारी वन्संनी हात बाहेर काढला आणि उलटासुलटा करून बघत राहिल्या. मी शेजारीच तांदूळ निवडत होते.

“वैनी, माजं हात बगून भ्या वाटत आसंल का वं तिला?”

“आसंल,” मी म्हणाले.

सुपातून नजरही न काढता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी माझ्याकडे सरकवली. तुमच्याकडं येती का बगा, म्हणाल्या. मी नको म्हणू शकले असते. मी हात घातला, आणि खार सरसर चढून खांद्यावर आली. मी नवल वाटल्याचं सोंग केलं. वन्सं हसल्या; अगदी मनापासून, माझं कौतुक म्हणून हसल्या. संध्याकाळी त्यांनी सासूबाईंना होकार दिला.

खारीचा पाय बरा झाला तशी ती चिंचेवर गेली ती गेलीच. लढाई संपल्यावर मालक आले, म्हाताऱ्याला पोर का दिली म्हणून आईवर भडकले. तिनं आपण होऊन हो म्हटलं, असं सासूबाई सांगत होत्या. मी ताट वाढत होते. मीही होकारार्थी मान हलवली.

पुढं वन्सं पहिलं लेकरू घेऊन माहेरी आल्या. दूधभाताची वाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. पोर त्यांच्याच मांडीवर, त्यांच्याकडेच बघून तोंड उघडत होतं.

“तुमीच भरवा, वैनी,” त्या म्हणाल्या. “माज्या हाताला भील ते.”

मी भरवलं.